पुण्याई कुणाच्या खात्यावर

रिसोडच्या एका आडत्याच्या घरी दोन गाड्या होत्या, आणि त्या गाड्यांवरून आजोबा-नातवाचा एक दिवस धड जात नव्हता.

आजोबांची, म्हणजे आबाजींची, गाडी १९६० सालची फियाट. नाक पुढे आलेलं, पाठ गोल, म्हणून सगळा महाराष्ट्र तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतो. आबाजींसमोर हा शब्द काढायची मात्र कुणाची छाती नव्हती. गाडीचं कूळ इटलीचं, जन्म कुर्ल्याचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. त्या काळी गाडी हवी असेल तर नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. आबाजींच्या वडिलांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याकडून वापरलेली फियाट घेतली, आणि पैसे कापसाच्या हिशेबात वळते केले. मिसरूड फुटायच्या वयात आबाजी तिच्यावर गाडी शिकले, आणि पुढे दुसरी कुठलीच गाडी त्यांनी चालवली नाही.

१०८९ सीसीचं इंजिन, वजन टनाच्या आत, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या अंगाला, त्यामुळे धावत्या गाडीत कडी सुटली की वारा दार उघडून टाकतो. आबाजींनी त्यावर उपाय म्हणून दाराला आतून साखळी लावून घेतली होती. सीटबेल्टचं नाव नाही. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिन या इंजिनिअरनं गाडीत बसवला तोच १९५९ मध्ये, तिकडे स्वीडनला. आपल्याकडे पुढच्या सीटवर तो सक्तीचा व्हायला नव्वदचं दशक उजाडलं.

या गाडीचे लाड कमी नव्हते. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बसते. त्यासाठी डिकीत पाण्याची कॅन आणि जुन्या धोतराचं फडकं कायम असे. फडकं ओलं करून पंपावर गुंडाळायचं, लिंबाच्या सावलीत बसून राहायचं, आणि थोड्या वेळानं पुन्हा चावी फिरवायची. थंडीत चोक ओढायचा, पण किती, ते फक्त आबाजींना ठाऊक. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होऊ लागल्या. त्या बदलायच्या, पॉइंट घासायचे, कार्बोरेटर साफ करायचा, ही सगळी कामं वाशिम रोडवरच्या चाचाकडे. चाचाच्या अब्बांनीही हीच गाडी खोलली होती. सुटे भाग मुंबईहून, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून यायचे. जिथं गाडी जन्मली तिथंच तिच्या बहिणी मोडीत निघत होत्या.

दुसरी गाडी गेल्या दसऱ्याला आली. काळी, उंच, दोन टनांची एसयूव्ही. सहा एअरबॅग, छताला काच, मध्यभागी टीव्हीएवढा स्क्रीन, आणि सुरक्षेच्या परीक्षेत पाच स्टार. मालेगावच्या अंगाला घेऊन ठेवलेल्या प्लॉटला समृद्धी महामार्गामुळे भाव आला, तो विकून आबाजींच्या मुलानं, म्हणजे भाऊंनी, ती घेतली. चालवणार अर्थात नातू. पुसदला इंजिनिअरिंग करून आलेला, आडतीच्या दुकानात मन न रमणारा.

दसऱ्याला पूजेच्या वेळीच पहिली ठिणगी पडली. झेंडूची माळ आधी कुणाला, नारळ आधी कुणापुढे? आबाजी म्हणाले, मोठी ती मोठी. नातू म्हणाला, नव्या गाडीची ही पहिलीच पूजा आहे. आजीनं दोघांकडे पाहिलं, दोन्ही नारळ उचलले आणि देव्हाऱ्यासमोर फोडून टाकले. गाड्यांना नुसतं कुंकू लागलं.

पुढे हा वाद घराबाहेर गेला. चहाच्या टपरीवर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, “लोखंड होतं राजा त्या काळचं! आताच्या गाडीचा पत्रा बोटानं दबते.” दुसरा म्हणे, “हाव, अन् थे लोखंड आता किलोवर जाईन.” जुन्या गाडीच्या बाजूचे सगळे साठीच्या पुढचे आणि नव्या गाडीच्या बाजूचे सगळे तिशीच्या आतले. मला विचाराल तर त्यांना गाडीशी कमी आणि आपापल्या वयाशी जास्त देणंघेणं होतं. पण वादाला रंग होता आणि सोयाबीनला भाव नव्हता. लोकांना दुसरा विषयही नको होता.

आबाजींचं एक वाक्य ठरलेलं असे. “पन्नास वर्षं चालवली. एक खरोंच नाही. ही गाडी मानूस मारत नाही.”

नातवाचंही एक वाक्य ठरलेलं होतं. “आबाजी, हिला पाच स्टार आहेत. हिच्यात काही होत नाही.”

दोघांची वाक्यं शेजारी ठेवून पाहिली तर ती एकाच साच्यातली निघतात. ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक दिवस नातू मोबाइल घेऊन चाचाच्या गॅरेजवर गेला. आबाजी तिथंच बाकावर बसलेले होते, फियाटचे टॅपेट सेट होत होते. नातवानं दोघांना एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी रस्ते सुरक्षेची एक संस्था आहे. २००९ मध्ये तिला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यांनी १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या समोरासमोर आदळवल्या, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरनं. जुनी गाडी लांबलचक, भारदस्त, क्रोमनं मढवलेली. लोकांना वाटत होतं की ती नवीला चेपून टाकेल. झालं उलटं. जुनीचा पुढचा खांब मोडला, छत वाकलं, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड आत घुसून चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर आले. नवीचं नाक पार चुरगळलं, पण आतली बसायची जागा शाबूत राहिली. जुनीतला माणूस जिवंत राहिला नसता, नवीतल्याच्या पायाला फार तर मार लागला असता, असा त्या संस्थेचा निष्कर्ष.

“पाहा,” नातू म्हणाला, “पत्रा दबतो तो मुद्दाम. बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरनं मर्सिडीजसाठी ही युक्ती काढली. नाक मऊ ठेवायचं आणि खोली कडक. धक्का नाकानं खायचा, माणसानं नाही. तुमच्या फियाटमध्ये धक्का थेट छातीत.”

आबाजी काही बोलले नाहीत. चाचानं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. हात पुसत तो म्हणाला, “पोट्ट्या, थे बरोबर हाय तुहं. जुनं लोखंड मजबूत हाय, म्हून तर मानूस मरते. पण मले एक सांग, दोघींचा स्पीड कोनं ठरवला?”

“संस्थेनं. दोघींचा सारखाच ठेवतात. आपल्याकडच्या भारत एनकॅपमध्येही समोरची टक्कर ६४ नंच घेतात.”

“मंग तुह्या गाडीले पाच स्टार भेटले थे चौसष्टचे. तू मालेगाव रोडनं किती नेते?”

नातू हसला आणि मोबाइल खिशात घातला. आबाजींना वाटलं चाचानं आपली बाजू घेतली, म्हणून तेही हसले. त्यांना चाचा काही म्हणाला नव्हता. पण त्यांची पाळी यायची होती.

मार्गशीर्षात आबाजींचे डोळे दाखवायला नागपूरला जायचं ठरलं. पूर्वी रिसोडहून नागपूर म्हणजे सबंध दिवस मोडायचा. रिसोडला रेल्वे नाही. वाशिमची गाडी पकडा नाहीतर एसटीत हाडं खिळखिळी करून घ्या. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि मालेगावला चढलं की नागपूर जेवणाच्या आत, असं झालं. फियाट न्यायचा प्रश्नच नव्हता, हे आबाजींनाही कळत होतं, तरी त्यांनी एकदा सुचवून पाहिलंच.

मोठ्या गाडीत मागं बसल्यावर त्यांना पहिला त्रास झाला तो आवाजाचा. पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग करत राही. आबाजींना पट्टा जाचत होता. “पन्नास वर्षांत नाही लावला, आता काय लावता?” नातवानं बाजारातून एक चपटी कडी आणून ठेवली होती, ती पट्ट्याच्या खाचेत बसवली की गाडीला वाटतं पट्टा लागला. आवाज बंद. गाडीला फसवायचं हे साधन ऑनलाइन सर्रास मिळत असे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये पाच कंपन्यांना ते काढून टाकायचे आदेश दिले, पण दुकानातून ते पुरतं गेलेलं नाही. ज्या पोरानं गॅरेजवर सुरक्षेचं व्याख्यान दिलं त्यानंच आजोबांसाठी ही कडी आणावी, याचं त्याला स्वतःला काही वाटलं नाही. गाडीला पाच स्टार होते ना!

जाताना सगळं झकास झालं. डॉक्टरांनी मोतीबिंदू अजून पिकला नसल्याचं सांगितलं. परत येताना समृद्धीवर नातवानं काटा १२० ला टेकवला, तिथली मर्यादाच तेवढी आहे. खिडक्या बंद, गाणी मंद, रस्ता सरळ. आबाजींनी विचारलं, “साठ असन?” नातवानं आकडा सांगितला तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या फियाटमध्ये साठला दारं थरथरायची, पंचावन्नलाच काच बोलायला लागायची. इथं पाण्याची बाटलीसुद्धा हलत नव्हती.

मालेगावला उतरेपर्यंत दिवेलागण झाली. इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बराच वेळ १२० च्या वेगात काढला की डोळे आणि कान त्या वेगाला सरावतात. मग साध्या रस्त्यावर ९५ म्हणजे गाडी रांगतेय असं वाटतं. हे सगळ्याच चालकांचं होतं, चांगल्या चालकांचंही. जी गाडी जितकी शांत, तितका हा भास मोठा. रिसोडचा रस्ता मात्र तोच होता: दोन्ही बाजूंना उंच तूर, मधूनच फाटा, विनादिव्याचा ट्रॅक्टर, आणि तुरीत रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप.

रोही तुरीतून निघाला आणि सरळ रस्त्यावर आला. मोठा नर, दोनशे किलोंच्या पुढचा. नातवानं ब्रेक दाबला. ब्रेकनं आपलं काम चोख केलं, गाडी घसरली नाही, पलटली नाही, सरळ राहिली. पण वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारी ब्रेकची वाट चौपट होते, ही गोष्ट पाच स्टार बदलू शकत नाहीत. रोही धडकला. नाक चेपलं, एअरबॅग फुटल्या, आणि पट्ट्यांनी नातवाला आणि शेजारी बसलेल्या भाऊंना सीटला आवळून धरलं. मागं बसलेल्या आबाजींना धरायला काहीच नव्हतं. ते पुढच्या सीटवर आदळले. त्यांच्या गळ्याखालचं हाड मोडलं, आणि त्यांच्या धक्क्यानं भाऊंची मान लचकली. पट्टा न लावणारा आपल्यापुरताच धोका पत्करतो असं आपण समजतो. तो पुढच्याच्या पाठीवर वजन होऊन पडतो.

रोही जागीच मेला. वनखात्याचा पंचनामा झाला. त्या रात्री आबाजी वाशिमच्या दवाखान्यात आणि गाडी क्रेनवर.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निम्मं रिसोड भेटायला आलं. भाऊ गळ्याला पट्टा बांधून बसले होते. कुणीतरी आठवण काढली, २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्याच सीटवर होते आणि पोलिसांनी सांगितलं होतं की पट्टा नव्हता. तेव्हा आठवडाभर सगळा देश मागच्या सीटचे पट्टे शोधत होता. मग ते पुन्हा सीटच्या फटीत गेले.

सगळे असतानाच आजोबा-नातवाची जुंपली. आबाजींनी पडल्या पडल्या सुनावलं, “माही फियाट असती तं हे झालंच नसतं.”

नातू रात्रभर जागा होता. तो म्हणाला, “फियाट असती आणि धडक बसली असती, तर आबाजी, तुम्ही आज बोलायला राहिला नसता. मीही नसतो.”

खोली गप्प झाली. दोघंही खरं बोलत होते, आणि दोन खऱ्यांच्या भांडणात पडायला कुणी धजत नाही.

चाचा स्टुलावर बसून होता. येताना त्यानं आबाजींसाठी खिमट आणलं होतं, ते त्यानं आधी त्यांना भरवलं. मग म्हणाला, “आबाजी, तुमी आडतवाले. एका कास्तकाराची पट्टी दुसऱ्याच्या खात्यावर जमा केली तं काय म्हनते दुकानात?”

“घोटाळा.”

“थेच केलं तुमी दोघायनं. फियाटनं पन्नास वर्षांत मानूस मारला नाही म्हन्ता. फियाटनं काय केलं त्याच्यात? सत्त्याऐंशी साली लोणीच्या यात्रेहून येतांना ब्रेक गेले होते, याद हाये? माह्या अब्बानं बनवले. काहून वाचले तुमी? गाडी पंचवीसवर होती अन् रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. ब्रेक कच्चे हायेत हे तुमाले मालूम होतं, म्हून तुमी फर्लांगभर आधीच पाय ठेवत होते. थे तुमचं भेव जमा व्हाले पायजे होतं, तुमी थे फियाटच्या नावानं जमा केलं. अन् मंग या गाडीत बसले तवा म्हनाले, माह्या नावावर पन्नास वर्षं जमा हाये, पट्टा कायले?”

आबाजी छताकडे पाहत राहिले.

“अन् तू, पोट्ट्या. गाडीले पाच स्टार भेटले. तुले कोनं देल्ले? गाडीची जमा तू आपल्या खात्यावर टाकली अन् खर्च करत बसला. पंच्याण्णवनं खर्च केली.”

नातवानं मान वर केली नाही. कडीची गोष्ट चाचाला माहीत नव्हती. ती त्यानं स्वतःहून सांगितली, सगळ्यांसमोर. मला या पोराचं एवढंच कौतुक वाटतं, पण ते पुष्कळ आहे.

मोठी गाडी वर्कशॉपमध्ये बरेच आठवडे पडून राहिली. विम्याचे कागद, सुटे भाग, रंग. तेवढ्या दिवसांत घरात चालण्यासारखी गाडी एकच उरली. आबाजींचा हात झोळीत, भाऊंना मान वळवता येत नाही. नातवाला फियाट घ्यावी लागली. आबाजी शेजारी बसत आणि बोलत. शिकवणं कमी, बोलणंच जास्त.

पहिल्याच दिवशी बाजार समितीच्या फाटकावर गाडी फाटकाच्या चांगलीच पुढं जाऊन थांबली. मोठ्या गाडीत ब्रेकला नुसता पाय लावला की गाडी थांबते. इथं पाय रोवावा लागतो, आणि तोही आधीपासून. पावसाचं पाणी ड्रममध्ये गेलं की ब्रेक काही वेळ लागतच नाहीत, मग हळूहळू पाय ठेवत ते वाळवावे लागतात. वळणावर स्टिअरिंग जड. गिअर बदलताना क्लच आणि दांडा यांची वेळ जुळली नाही की आतून करकर. पंचेचाळीसच्या पुढं सगळी गाडी आवाज करून सांगते की बस्स. नातू वैतागला, मग त्याला त्यात रस येऊ लागला. समोर दूरवर सायकलवाला दिसला की त्याचा पाय आपोआप हलू लागला. कुत्रं रस्त्याच्या कडेला उभं असेल तर ते कुठं पाहतंय हे तो पाहू लागला. हे काही फियाटचं शहाणपण नव्हतं. फियाटला काहीच येत नव्हतं, म्हणून ते चालवणाऱ्याला शिकणं भाग होतं.

आबाजींनाही शेजारच्या सीटवरून एक गोष्ट प्रथमच दिसली. चालवताना ती कधी दिसली नव्हती. डॅशबोर्डची लोखंडी कड बरोबर त्यांच्या गुडघ्यांसमोर होती, आणि काच कपाळापासून हातभर. मोडलेलं हाड अजून ठणकत होतं. या जागी आपण बायकोला बसवून गावोगाव हिंडलो, मांडीवर पोरं देऊन. त्यांनी आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मले तर तवाच भेव वाटे. तुमी इचारलं कुठं?”

त्याच आठवड्यात ते चाचाकडे गेले. म्हणाले, “भाई, फियाटले पट्टे बसवून दे.”

चाचानं पुढच्या सीटखालचा पत्रा ठोकून दाखवला. साठ वर्षांचा, आतून गंजानं पातळ झालेला. “पट्टा कुठं अडकवू? धक्क्यात मानसाचं वजन कितीतरी पट होते. हा पत्रा फाटून पट्ट्यासकट मानूस पुढं जाईन. याच्यापेक्षा पट्टा नसला थे बरं, निदान मानूस हळू तं चालवते.” आबाजींना हे पटलं. पट्टा लावला म्हणजे झालं, असं मानून बसण्याची शिक्षा ते नुकतीच भोगून आले होते.

मग नातवानं एक मार्ग सुचवला. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली आहे. गाडी मूळ रूपात असावी लागते. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. आबाजींना ऐकताना बरं वाटलं. गाडीला सरकारी मान! मग नातवानं पुढची अट वाचली. अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, तांत्रिक संशोधन, किंवा पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी तेवढी बाहेर काढायची.

“चालवाची नाही तं नंबर कायले पायजे?” आबाजी म्हणाले, आणि अर्ज परत घडी करून दिला. बऱ्याच लोकांना हा हट्ट वाटला. मला तो बरोबर वाटतो. जी गाडी चालत नाही तिच्या नावानं वाटेल ती पुण्याई सांगता येते. रिसोडच्या गल्लीत बाजाराच्या दिवशी ती हाकून दाखवावी लागली की आपली लायकी रोज कळते.

मोठी गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी नातवानं ती आधी चाचाच्या गॅरेजवर नेली आणि खाचेतली कडी काढून त्याच्या हातात ठेवली. चाचानं ती खिळ्याला अडकवून टाकली. आता कुणी नवी गाडी घेऊन आला की तो त्याला ती दाखवतो आणि विचारतो, “हे हाय का तुमच्याकडे?” बहुतेकांच्या चेहऱ्यावरून त्याला उत्तर कळतं.

टपरीवरचा वाद अजून संपलेला नाही. पण आबाजींचं ते ठरलेलं वाक्य आता ऐकू येत नाही, आणि नातवाचंही नाही. फियाटची साधी नोंदणीच चालू आहे. मुदत संपली की वाशिमच्या आरटीओत गाडी तपासायला न्यायची आणि फी भरून पुढची पाच वर्षं मिळवायची. ती बाजार समितीपर्यंत आणि पिंगळाक्षी देवीपर्यंत जाते, गावाबाहेर जात नाही. गावाबाहेर मोठी गाडी जाते, आणि सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय नातू ती हलवत नाही. मालेगाव रोडवर अंधार पडला की काटा साठच्या खाली असतो. आबाजी मागं बसून आपला पट्टा स्वतः लावतात. मागच्या सीटवरच्या प्रवाशाला पट्टा मोटार वाहन नियमांनी फार पूर्वीच सक्तीचा केलेला आहे, आणि तो लावला नाही तर दंड १,००० रुपये आहे.